फोरमनचा गळ

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे लोक मोबाईल काढायचे, आमचे टूलरूमचे फोरमन कानस काढायचे. घड्याळजीकडे असते तशी बारीक कानस. डाव्या चिमटीत माशाचा गळ, उजव्या हातात कानस, आणि घासणं चालू. गळाच्या टोकाजवळ आतल्या बाजूला एक उलटा काटा असतो. एकदा अडकलेला मासा सुटू नये म्हणून तो असतो. फोरमन नेमका तोच काटा घासून टाकायचे. मग गळ बोटावरून फिरवून बघायचे आणि कुठं अडकला की पुन्हा घासायचे.

"अहो, मग मासा सुटत नाही का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सुटतो की. लय सुटतात."

"मग उपयोग काय गळाचा?"

"त्याला बी चान्स पाहिजे ना, मॅडम."

मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर संत आहे, नाही तर पक्का ढोंगी. माणसाला या दोन्हींच्या मधलंही काही होता येतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी त्याच कारखान्यात, सातपूरला, क्वालिटी विभागात होते. फोरमननी बनवलेली डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, तपासायची आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. म्हणजे आमचं भांडण पगारी होतं. त्यातून माझं माहेर पंचवटीतलं, भिक्षुकीचं. चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. आणि मी स्वभावाने भांडखोर, हे लपवण्यात अर्थ नाही, आमच्या ह्यांना विचारा. फोरमन मूळचे इगतपुरीकडच्या एका खेड्यातले. भात आणि मासे यावर वाढलेले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला मासेमारीचा परवाना. स्कूटरचं लायसन घरी राहिलं तरी चालेल, परवाना नाही. बारशाला गेले तरी तो खिशात असायचा.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या महिन्यातच पाहिली. काम चुकलं तर इतर लोक माझी नजर चुकवून ते पास करून घ्यायच्या खटपटीत असत. फोरमन चुकलेल्या तुकड्यावर स्वतःच लाल खडूने फुली मारून आणत. "हा नापास करा, मॅडम. मोजू बी नका, टाइम जाईल." नोकरीतल्या एवढ्या वर्षांत असं करणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

तर आमचा वाद. दर सोमवारी डबे उघडले की सुरू व्हायचा, कारण रविवारी फोरमन गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाऊन आलेले असायचे.

"पोटासाठी मारता, ते मी समजू शकते," मी म्हणायची. "पण तुम्हाला पगार आहे, बाजारात मासे मिळतात. तुम्ही जाता मजेसाठी. जिवाशी मजा म्हणजे क्रूरपणा. सरळ हिशोब आहे."

एकदा आमच्या टेबलावरचा एक वेल्डर मध्येच बोलला, "मॅडम, तुमच्या पैठणीसाठी किती किडे उकडले, ते मोजले का?" सगळं टेबल हसलं. मी लाल झाले. हसले नाहीत ते एकटे फोरमन.

"गप रे," ते त्याला म्हणाले. "दुसऱ्याच्या ताटातली माशी दाखवून आपल्या ताटातली उडत नसती. मॅडम मला विचारतायत, मला सांगू दे."

आणि मग काहीच सांगितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडून खात राहिले. मला राग आला तो त्याचाच. समोरचा माणूस बचाव करायला लागला की भांडायला बरं पडतं. हा माणूस बचावच करायचा नाही. कुणी त्यांना आयता बचाव आणून दिला तरी परत करायचे. माशाचं रक्त थंड, त्याला दुखत नसतं, असं कुणी म्हणालं की विचारायचे, "तुला कोण बोललं? मासा बोलला?" शहरातल्या हौशी लोकांचा एक गट होता, मासा पकडायचा, फोटो काढायचा नि सोडून द्यायचा. त्यांनी फोरमनना बोलावलं. दोन रविवार गेले आणि तिसऱ्या रविवारी परत आपल्या जागेवर.

"का हो? ते तर मारत नाहीत. तुमच्यापेक्षा बरेच की," मी म्हटलं.

"असतील बरे. मला नाय जमलं. मासा काय जत्रेतल्या पाळण्यात बसवून खाली उतरवायचा असतो? ओढला तर खायचा. खायचा नसला तर ओढायचा नाय."

त्यांचे असे नियम होते आणि ते त्यांनी कुठे लिहून वगैरे ठेवले नव्हते. घरात माणसं तीन, तर मासा एक. फार तर दोन. सकाळी सात वाजता एक चांगला रोहू लागला की सातलाच गळ गुंडाळायचे आणि स्कूटर काढायचे. मग दिवसभर काय करायचे देव जाणे. माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवून घ्यायचे, कोरड्या हाताने त्याची कातडी सोलते म्हणून. मारायचा तर एका दणक्यात, आखूड शिसवी दांडक्याने, डोक्यावर. "तडफडत ठेवायचा नाय. पिशवीत टाकून गप्पा मारत बसायचं, हे मला बघवत नाय."

आणि एक नियम मला उशिरा कळला. आमच्याकडे वडिलांच्या तिथीला गोदेवर जाऊन माशांना कणकेचे गोळे घालायची पद्धत आहे. पाण्यात गोळा पडला की मासे एकमेकांच्या अंगावर चढून येतात. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा, आम्ही माशांना खायला घालतो आणि तुम्ही?"

"तुमचा गोळा अन् माझा गोळा एकाच पिठाचा, मॅडम. मी त्यात पेंड टाकतो एवढंच." मग म्हणाले, "पण जिथं लोक गोळे घालतात, तिथं मी गळ टाकत नाय. दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा कोस नाय. तिथला मासा माणसाला भीत नाय ना आता. त्याला फसवायला काय अक्कल लागती?"

माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांना धर्म सांगितला. ते ऐकायला हवे होते हे, असं मला वाटलं. पण मी कबूल केलं नाही. भांडखोर माणसाचं हेच दुखणं असतं.

एका श्रावणात, सोमवारीच, फोरमन कामावर आले ते डबा न घेता. सुट्टीत कानसही काढली नाही. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, काल तुम्ही पाहिजे होता तिथं. शिव्या द्यायला."

"का? काय केलंत?"

त्यांना मरळ लागली होती, दोन किलोची. मरळ म्हणजे काळपट, लांबट, भलता ताकदीचा मासा. अंडी फुटली की पिल्लं पाण्याच्या वर वर लाल पुंजका करून फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. त्या दिवसांत मरळ कशावरही धावून जाते, भूक असो वा नसो, कारण पिल्लांजवळ आलेलं तिला काही खपत नाही. हे फोरमनना लहानपणापासून ठाऊक. पुंजका दिसला की ते जागा सोडून जात. त्या दिवशी पाणी गढूळ होतं, दिसला नाही. मासा काठाशी आणला आणि मागोमाग तो लाल पुंजका आला, परातीएवढा.

"चाळीस वर्षं पाणी बघतोय," ते म्हणाले, "अन् मला दिसलं नाय."

काटा घासलेला होता म्हणून गळ लगेच निघाला. ओल्या हाताने तिला पाण्यात धरून ठेवली, कल्ले चालायला लागले तशी सोडली. ती गेली खोल पाण्यात. पिल्लं तिथंच, आणि वर बगळे. मग हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहिला, बगळे हाकलत. सकाळी नऊपासून.

"आली का परत?" मी विचारलं.

"चारच्या सुमाराला. पुंजका एकदम सरकायला लागला, तवा कळलं, खाली कुणीतरी आलंय."

सात तास उभे होते पाण्यात. त्या दिवसापासून नियम झाला, आषाढ लागला की गळ बंद, दसऱ्यापर्यंत. ज्या दिवसांत सगळी दुनिया धरणावर भजी खायला जाते, त्या दिवसांत फोरमन घरी बसून पंखे दुरुस्त करायचे. मी शिव्या दिल्या नाहीत. माझ्या डब्यातली अर्धी पोळीभाजी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांनी ती खाल्ली.

आता खरी गोष्ट. हिच्यात मी काही चांगली दिसत नाही, पण सांगायलाच हवी.

फोरमनना एकच मुलगी. फार्मसी शिकलेली, हुशार, बापासारखीच उंच. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, वणीकडचा, कामाला चोख. घरी द्राक्षबाग. मीच दोघांची पत्रिका जुळवली, म्हणजे खरी पत्रिका नव्हे, कंपनीच्या स्नेहसंमेलनात शेजारी बसवलं एवढंच. पुढचं त्यांनी त्यांचं जुळवलं. दोघंही एकमेकांवर खूश. अडचण एकच. मुलाचे वडील माळकरी. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

आप्पांचा मला फोन आला. बोलणं सरळ. "ताई, खाणाऱ्याबद्दल आपली तक्रार नाय. निम्मे पाहुणे खाणारेच हायेत आमचे. पोरगी इथं येऊन खाणार नाय म्हणती, झालं. पण कानावर आलंय की तिचे वडील मौज म्हणून मासे मारतात. जिवाशी खेळ करणाऱ्याच्या घरी सोयरीक करायला मन घेत नाय. खरं का?"

आणि मी, जी कमी-जास्त दोन मायक्रॉनला लोकांचं काम नापास करते, ती मी फोनवर फाडकन म्हणाले, "छे हो आप्पा! कधीच सोडलं त्यांनी."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस त्याला नको तेवढे दागिने घालतो. मी पुढे म्हटलं, "त्र्यंबकला जाऊन गळ गोदावरीत सोडून आले."

आप्पा म्हणाले, "वा, वा. मग काय प्रश्नच नाय."

मी हे मुलीला सांगितलं. ती घाबरली. फोरमनना सांगायची हिंमत दोघींपैकी कुणाचीच झाली नाही. लग्नाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तिने बापाला एवढंच म्हटलं, "बाबा, उद्या विचारलं तर सोडलं म्हणा. एकदाच. माझ्यासाठी." ते काही बोलले नाहीत. तिने ते होकारात धरलं.

बैठक फोरमनच्या घरी, सातपूरच्या दोन खोल्यांत. तुळशीची लग्नं नुकतीच झाली होती. आप्पा सतरंजीवर मांडी घालून बसलेले, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. शेजारी मुलगा. मी मध्यस्थ म्हणून मध्ये. मुलगी आणि तिची आई आतल्या दारात. पोहे झाले, चहा झाला, शेतीचं बोलणं झालं. मग आप्पा हसून म्हणाले, "बाकी तुमचं कौतुक वाटलं हं. एवढी जुनी हौस, अन् गळ गोदावरीत सोडून आले. त्र्यंबकला जाऊन. सोपं नाय ते."

फोरमननी कप खाली ठेवला. "कोण म्हणालं असं?"

मी सतरंजीकडे पाहत होते. आतल्या दारात बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

फोरमननी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं. मग ते आप्पांना म्हणाले, "ज्यानं सांगितलं, त्यानं माझ्या पोरीच्या मायेनं सांगितलं असंल. त्याला दोष नाय. पण मी सोडलेलं नाय, आप्पा. परवाच्या रविवारी गेलो होतो."

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. माझं नाव घेतलं नव्हतं त्यांनी, आणि मला ते सहनच झालं नाही. "खोटं मी बोलले. ह्यांना ठाऊकही नव्हतं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं सगळं लक्ष फोरमनकडे. "मग मला एक सांगा. माशाला दुखतं का?"

मी मनात म्हटलं, आता तरी म्हणा, थंड रक्त असतं म्हणून. अर्धं जग म्हणतं, तुम्हीही म्हणा.

"दुखतं," फोरमन म्हणाले. "दुखतच असणार. नायतर त्यानं एवढं ओढलं असतं का?"

"अन् तरी तुम्हाला मौज वाटते?"

"वाटती. मासा लागून दोरीवरची काडी पाण्यात बुडली की काळीज हलतं माझं. अजून. वाटत नाय म्हणलं तर खोटं होईल. खायला लागतो म्हणून जातो, हे बी अर्धंच खरं. खायला तर बाजारात मिळतो. पण बाजारातला कसा मेला, ते मला माहीत नसतं. ह्याचं माहीत असतं. मारला तर मी मारला. माझ्या हातानं, त्याच्या तोंडाकडे बघून."

मला राहवलं नाही. "आप्पा, तुम्हाला माहीत नाही, एकदा मरळीची पिल्लं..."

फोरमननी हात वर केला. "ते नका सांगू, मॅडम. ती माझी चूक होती. चूक काय साक्षीला उभी करायची?"

आप्पा उठले. "विचार करून कळवतो," म्हणाले. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. मुलगा मान खाली घालून मागोमाग गेला. दार लागलं आणि आत मुलीला रडू फुटलं. बाप खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. ती म्हणाली, "एक शब्द, बाबा. एक शब्द मागितला होता मी." पुढचे आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. फोरमन कारखान्यात यायचे, काम करायचे, जायचे. मी माफी मागितली तर म्हणाले, "तुमचं मन चांगलं होतं, मॅडम." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

पुढच्या रविवारी सकाळी आठला मुलाचा फोन. "मॅडम, आप्पा पहाटेच गाडी घेऊन निघालेत. कुठं जातो ते सांगितलं नाही. फोरमन कुठं बसतात, ते मात्र काल मला विचारलं होतं."

मी स्कूटर काढली. इतकी वर्षं वाद घातला, पण ऐकून माहीत असलेल्या त्या जागेवर मी कधी गेले नव्हते. बॅकवॉटरच्या काठाला बाभळीखाली दोघं बसलेले. मध्ये हातभर अंतर. आप्पा पाण्याकडे बघतायत, ओठ हलतायत, नामस्मरण चालू. फोरमन पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीकडे बघतायत. मी मागे एका दगडावर बसले.

तासाभराने काडी बुडाली. रोहू होता. फोरमननी हात ओले केले, मासा धरला आणि शिसवी दांडकं उचललं. त्यांनी एकदा आप्पांकडे बघितलं, बाजूला व्हायचं तर व्हा म्हणून. आप्पा हलले नाहीत. एक दणका, आणि संपलं. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. इतक्या वर्षांची फिर्यादी मी, मला बघायलाच हवं होतं. वाईट वाटलं. अजून वाटतं. मला ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

फोरमन गळ गुंडाळायला लागले.

"झालं?" आप्पांनी विचारलं. "अजून टाकत नाय?"

"घरात माणसं तीन," फोरमन म्हणाले. "एक बास."

आप्पांनी माशाकडे एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मला हे पटलं नाय. मरेपर्यंत पटायचं नाय. तुमच्या तोंडावर सांगतो."

"बरोबर हाय."

"मी द्राक्षावर फवारा मारतो. त्यात काय काय मरतं, ते मी कधी वाकून बघितलेलं नाय." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "लेकीला सून म्हणून द्या आमच्या घरी. पोरं झाली की त्यांना असं खरं बोलायला शिकवील."

फोरमननी खाली वाकून आप्पांचे पाय धरले आणि आप्पांनी त्यांना वर ओढलं. हातांना माशाचा वास होता, माळकऱ्याने ते हात सोडले नाहीत. मी त्या दगडावर बसून रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. या माणसाबरोबर मी काम केलं, याच्याशी भांडले, हा अभिमान मी आजही कुणालाही सांगते. क्वालिटीतल्या माणसाने यापेक्षा चोख काम पाहिलेलं नसतं.

लग्न माघात झालं, वणीला. मंडपात हळद चालू होती. फोरमन कडेला, नव्या सदऱ्यात, अवघडून उभे. मुलाच्या घरच्या एक वयस्कर आत्याबाई नवरीच्या गालाला हळद लावता लावता मोठ्याने म्हणाल्या, "काय गं, तुझ्या बापानं ते मासे मारायचं सोडलं ना आता?"

आप्पांनी मान वळवली. फोरमननीही. मी नवरीच्या शेजारीच होते आणि काय सांगावं? माझं तोंड उघडलं होतं. उत्तर तयार होतं, त्र्यंबकसकट.

"नाही सोडलं, आत्याबाई," नवरी म्हणाली, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशी. "येत्या रविवारी जातील. तुम्हाला बघायचं असेल तर मी घेऊन जाईन."